अकरा टनांची गाडी अंगणात: कोलशेतच्या काँक्रीट ड्राइव्हवेच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

दादाची (चुलतभाऊ, माझ्याहून मोठा) मोटारहोम आज काल्हेरकडच्या वजनकाट्यावर नेली. मिडी-बसच्या चासीवर बांधलेली, नऊ मीटर लांब. ती उभी करायला अंगणात काँक्रीटचा ड्राइव्हवे करायचाय, पण आरसी बुकातला आकडा घेऊन त्याचं डिझाइन करायचं नाही असं मी आधीच सांगितलं होतं, कारण चासीवर बॉडी चढल्यानंतर बॅटऱ्या, फ्रिज, पाण्याच्या टाक्या, दोन गॅस सिलिंडर, वरचा एसी असं काय काय वाढत गेलंय. टाक्या काठोकाठ भरून, डिझेल फुल करून काट्यावर चढवली. आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. काटेवाला म्हणाला, "एका गाडीचं तीनदा वजन कोण करतं?" पावत्या तीन, पैसेही तीनदा.

पुढचा एक्सल ३,७४० किलो, मागचा ७,१२० किलो. एकूण १०,८६०.

मला हवा होता तो मागचा आकडा. मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं, म्हणजे एका बाजूला साधारण ३.५६ टन. काँक्रीटला पूर्ण गाडी कळत नाही, त्याला एवढंच ओझं कळतं आणि ते कुठे उभं आहे ते कळतं.

५ फेब्रुवारी

खड्डे घेतले. एक घराच्या बाजूला, एक गेटपाशी. घर गावठाणातलं, जमीन चांगली. गेटकडची निम्मी जागा मात्र काकांच्या लहानपणी भातखाचर होती आणि त्यापलीकडे खाजण. नंतर भराव घालून अंगण झालं. घराकडच्या खड्ड्यात तीन फुटांपर्यंत घट्ट मुरूम. गेटकडच्या खड्ड्यात वर दीड फूट मुरूम आणि रॅबिट (विटांचे तुकडे, टाइल्स, एक आख्खी चप्पलही निघाली) आणि खाली निळसर काळी चिकणमाती. पहार हाताने दाबली तरी आत जाते. खाडीकाठच्या ठाण्यात हे नवीन नाही.

काकांचं म्हणणं, "इतकी वर्षं इथे ट्रॅक्टर उभा राहतो, काही झालं नाही." ट्रॅक्टर मातीवर उभा राहतो. माती दबते, दुसऱ्या वर्षी आपण वरून मुरूम टाकतो आणि विसरतो. काँक्रीटच्या खालची माती दबली तर तिथे पोकळी राहते. मग स्लॅब अधांतरी, आणि चाक आलं की तडा.

९ फेब्रुवारी

कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आलं. सहा इंच जाडी, त्यात १२ एमएमची डबल जाळी सहा-सहा इंचांवर, खाली "आहे त्या जमिनीवर पाणी मारून, रोलर फिरवून". लोखंडाचा हिशेब केला. चार मीटर रुंद, १३ मीटर लांब, म्हणजे ५२ चौरस मीटर. दोन्ही जाळ्या मिळून १,२०० किलोच्या वर सळई. साठ रुपये किलोने सत्तर हजारांच्या पुढे. आणि खालच्या चिखलासाठी शून्य रुपये.

हे सगळीकडे असंच चालतं. गाडी जड असेल तर "सळई वाढवा". घराच्या छताचा स्लॅब खांबांवर अधांतरी असतो, तिथे वाकताना खालचा ताण सळई घेते, म्हणून तिथे लोखंडाला मान. जमिनीवरचा स्लॅब सगळीकडून टेकलेला. तिथे भार पेलते जाडी आणि खालचा पाया. सळईचं काम तडा गेलाच तर तो उघडू न देणं. तेवढ्यासाठी बारीक जाळी पुरते.

रात्री बसून आकडे काढले. वेस्टरगार्डचं १९२६ चं सूत्र आहे, चाक स्लॅबच्या अगदी काठावर उभं असताना काँक्रीटमध्ये किती ताण येतो ते सांगणारं. काठ ही सगळ्यात वाईट जागा, कारण मध्यावर चारही बाजूंचं काँक्रीट मदतीला येतं, काठावर एक बाजू मोकळी. ३.५६ टनांचं जोडचाक आणि बऱ्यापैकी पाया धरून:

चार इंच (१०० मिमी) जाडीला ताण साधारण ५.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सहा इंचांना ३. आठ इंचांना १.८५.

एम-३० काँक्रीटची (अठ्ठावीस दिवसांनी चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन दाब झेलणारं) वाकण्याची ताकद आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) च्या सूत्राने (०.७ गुणिले ३० चं वर्गमूळ) ३.८. म्हणजे चार इंच पहिल्याच दिवशी गेला. सहा इंच उभा राहील, पण ताकदीच्या पाऊणपटीहून जास्त ताण दर वेळी, शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात स्लॅबचा वरचा भाग तापतो आणि खालचा थंड राहतो, त्याचा ताण वेगळा. काही वर्षांत थकेल. आठ इंचांना ताण ताकदीच्या निम्म्याखाली, तिथे थकवा जवळजवळ लागत नाही.

सहाचे आठ केले तर जास्तीचं काँक्रीट २.६ घनमीटर, पंधरा-सोळा हजार रुपये. डबल जाळीऐवजी ८ एमएमची एकेरी जाळी आठ इंचांवर घेतली तर लोखंड २०० किलोवर येतं. उरलेल्या पैशांत चिखल काढून सोलिंग (रचलेल्या दगडांचा थर) होतं.

कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, जाळी कमी केली तर मी गॅरंटी देणार नाही." मी म्हटलं, कागदावर माझं नाव टाका. दादाला मात्र अजून धाकधूक आहे.

१६ फेब्रुवारी

गेटसमोरचं गटार महापालिकेचं, त्यामुळे त्यावरचं झाकण बदलण्यासाठी माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीत अर्ज दिला.

अंगणातला ड्रेनेजचा चेंबर नेमका उजव्या चाकाच्या वाटेत. त्यावरचं झाकण एलडी-२.५, म्हणजे अडीच टनांचं, माणसं चालायला. आयएस १७२६ मध्ये पुढे एमडी-१०, एचडी-२० आणि ईएचडी-३५ असे वर्ग आहेत. एचडी-२० मागवलं. चेंबरची वीट-भिंतही वरून फूटभर काढून आरसीसीची केली. भक्कम झाकण कच्च्या भिंतीवर बसवलं तर ओझं भिंतीवर जातं, एवढाच फरक पडतो. चेंबरची चौकट स्लॅबपासून फोमने सुटी ठेवायची, ही खूण आराखड्यावर लाल पेनने केली.

२३ फेब्रुवारी

खोदाई. दोन फूट खोल. जेसीबी गेटमधून आला तेव्हा काकूंची तुळस दोन वेळा वाचली.

घराकडच्या बाजूला फारसं काम नाही. गेटकडे चिकणमाती आणखी दीड फूट काढली, दगड-मुरूम भरून घेतला. त्यावर जिओटेक्स्टाइल, मग नऊ इंची दगडाचं सोलिंग हाताने रचून, फटींत मुरूम, पाणी, बेबी रोलर. जिओटेक्स्टाइल म्हणजे जाड नमद्यासारखं कापड. पाणी जाऊ देतं, माती वर येऊ देत नाही. ते नसेल तर दर पावसाळ्यात चिखल दगडांच्या फटींतून वर सरकतो आणि दगड खाली. कडेला रोलर पोचत नाही तिथे धुम्मस.

६ मार्च

आज मजा आली. पाया तपासायला प्रयोगशाळेची उपकरणं आणण्यापेक्षा दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर बोलावला. भरलेला टँकर मोटारहोमपेक्षा जड, आणि घोडबंदर पट्ट्यात टँकर मिळवणं अवघड नाही. चालकाला सांगितलं, पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, आत ये आणि उलटा बाहेर जा. मी चाकाशेजारी वाकून चालत होते.

घराकडे काही हललं नाही. गेटपासून दोनेक मीटरवर, डाव्या बाजूला, चाक जवळ आलं की मुरूम किंचित खाली जायचा आणि चाक सरकलं की परत वर. बघितलं नाही तर कळणारही नाही, पायाला मात्र कळतं. तिसऱ्या फेरीला दोन दगडांच्या मधून काळ्या चिखलाचा थेंब वर आला. मिस्त्रीला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, वरून मुरूम टाकतो, झाकून जाईल." तेवढा दोन मीटरचा चौकोन उकरला. खाली जिओटेक्स्टाइलच्या दोन पट्ट्यांचा जोड एकमेकांवर जेमतेम चार बोटं होता. दोन फूट ओव्हरलॅप देऊन परत रचलं, परत टँकर. आता गप्प.

तो टँकर रिकामा करून चालकाला परत पाठवला. पाणी सिन्टेक्सच्या टाक्यांत, पुढे क्युरिंगला (काँक्रीट ओलं ठेवायला) लागेलच.

९ मार्च

चार इंच पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट), एम-१०. पातळी इथेच पक्की केली. घराकडून गेटकडे ८० ला १ उतार, म्हणजे १३ मीटरला साधारण १६ सेंटिमीटर. दादाला कमी हवा होता, गाडीत झोपताना डोकं खाली जातं म्हणून. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोक्याखाली उशी घेता येते. चाकाखाली लाकडी पाचर ठेवून गाडी समपातळीत आणायची, असा तह झाला. पाणी रस्त्यावर न सोडता गेटच्या आत आडव्या जाळीच्या नाल्यात.

गेटपाशी उतार बदलतो तिथे गाडीचा मागचा लोंबता भाग घासेल का, हे लाकडी फळी आणि सुतळीने तपासलं. चार बोटं मोकळी राहतात. पुरेत.

१२ मार्च

शिमगा. कामगार गावाला. पीसीसीवर गोणपाट आणि पाणी, बाकी सगळं बंद.

१९ मार्च

कामगार परतले. पीसीसीवर १२५ मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, त्यावर जाळी. स्लॅबचे तीन भाग, प्रत्येक ४.३ बाय ४ मीटर. चौकोनाच्या जवळचा आकार बरा. लांबट भाग आपला आपण मधोमध तडकतो. लांबीच्या दोन्ही कडा आणि गेटकडची कड खाली आणखी तीन इंच जाड केली, कारण वेस्टरगार्डचा तो काठ. घराच्या जोत्याला आणि चेंबरला १२ मिमी फोम.

भागांच्या सांध्यांत २५ एमएमचे डॉवेल (सांधा ओलांडणारे आखूड बार), फुटा-फुटावर. चाक एका भागावरून दुसऱ्यावर जाताना ओझं पुढे पोचवायला हे. साधे गोल, गुळगुळीत, अर्ध्या लांबीला ग्रीस, म्हणजे थंडीत स्लॅब आखडला की बार घसरतो, अडत नाही. फिटर म्हणाला, "लोखंडाला ग्रीस? मग काँक्रीट पकडणार कसं?" नाहीच पकडायचं. त्याने तरी टीएमटीचे (खाचेदार सळईचे) तुकडे कापून ठेवले होते, ते बाजूला काढले. डॉवेल समांतर नसले तर दोन बार एकमेकांविरुद्ध ओढतात आणि सांध्याऐवजी शेजारी तडा पडतो. प्रत्येकाला दोरी लावून पाहिलं.

जाळी जमिनीपासून पाच इंचांवर, सळईच्याच खुर्च्यांवर. बहुतेक अंगणांत जाळी प्लास्टिकवर आडवी पडलेली असते आणि काँक्रीट ओतताना कोणीतरी आकड्याने "वर ओढतो". ओढून सोडली की दुसऱ्याचा पाय पडतो आणि ती परत खाली. जाळी सांध्यावर तोडली आहे.

२० मार्च

ओतकाम. सकाळी घोडबंदर रस्त्यावर अवजड गाड्यांना मज्जाव, म्हणून दुपारची वेळ. एकूण ११.५ घनमीटर, दोन मिक्सर. भरलेला मिक्सर आमच्या मोटारहोमच्या दुपटीहून जड, त्यामुळे त्याला आत घेतलंच नाही. गेटबाहेर उभा, घराकडच्या भागाला जाळीवर फळ्या टाकून बॅरो.

पहिला मिक्सर १ वाजून २० मिनिटांनी. स्लम्प (शंकू उचलल्यावर ओलं काँक्रीट किती खाली बसतं ते) ११० मिमी. छान. तासाभरात रिकामा.

दुसरा अडकला. भरायची वेळ चलनावर १.१५, पोचला २.५५ ला. मधल्या भागाचं अर्धवट काँक्रीट ओल्या गोणपाटाखाली. शंकू उचलला तर स्लम्प ६०. चालकाने पाण्याचा पाइप हातात घेतलाच होता.

"मॅडम, दोन मिनिटं पाणी मारतो, मस्त वाहील."

"पाइप खाली ठेवा."

"सगळीकडे मारतात."

"माहितीये. म्हणूनच इथे उभी आहे."

प्लांटच्या क्वालिटीवाल्याला फोन लावला. त्याने मोजून अ‍ॅडमिक्स्चर (पाणी न वाढवता काँक्रीट वाहतं करणारं रसायन) सांगितलं, ते मिक्सरवरच्या कॅनमध्ये होतं. घातलं, ड्रम पाच-सहा मिनिटं जोरात फिरवला, स्लम्प परत १०० वर. आयएस ४९२६ प्रमाणे भरल्यापासून दोन तासांत काँक्रीट उतरवायचं असतं, रिटार्डर (घट्ट होणं लांबवणारं रसायन) असेल तर थोडी सवलत. यात होता. पाणी मारून मिळालेला स्लम्प आणि अ‍ॅडमिक्स्चरने मिळालेला स्लम्प डोळ्यांना सारखाच दिसतो. अठ्ठावीस दिवसांनी क्यूब (ताकद तपासायला भरलेले ठोकळे) फोडल्यावर वेगळा दिसतो.

दोन्ही मिक्सरमधून क्यूब भरले.

पाटा फिरला, रंधा फिरला, आणि मिस्त्रीच्या मुलाने कोरड्या सिमेंटची पिशवी फोडली. वर भुरभुरवून थापीने घोटायचं, आरशासारखं. घरात कुणी आलं की "काय मस्त फिनिश" म्हणतं. सहा महिन्यांत तो पापुद्रा सुटतो आणि पावसात त्यावरून माणूस घसरतो. पिशवी परत बांधून ठेवली. ओलसर चकाकी गेल्यावर आडवा झाडू, एकाच दिशेने. मिस्त्री नाराज. त्याच्या मते मी काम अर्धवट ठेवलं.

रात्री अकरा

खिळ्याने ओरखडा काढून बघत होते. दहाच्या सुमाराला खडी उपटायची थांबली, तेव्हा कटर सुरू केला. डॉवेलच्या बरोबर मध्यावर, सहा सेंटिमीटर खोल. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काँक्रीटने तडकायला स्वतःची जागा निवडली असती. शेजारच्यांना आधी सांगून ठेवलं होतं, तरी एका खिडकीतून आवाज आलाच.

२१ मार्च ते ३ एप्रिल

मातीचे वाफे करून पाणी. मिक्समध्ये फ्लाय अ‍ॅश आहे आणि ऊन कडक, म्हणून पूर्ण चौदा दिवस. बोअरचं पाणी मचूळ, क्लोराइड असतं, सळई आत असताना ते नको. टँकरचंच. पाडव्याला काकूंनी गुढी उभारली ती वाफ्यांच्या मधल्या फळीवर उभं राहून.

सात दिवसांचे क्यूब: सरासरी २१.४. फ्लाय अ‍ॅशवाल्या मिक्सला ठीक.

१७ एप्रिल

अठ्ठावीस दिवस. पहिल्या मिक्सरचे क्यूब सरासरी ३७, दुसऱ्याचे ३६. अहवाल दादाला पाठवला. त्याचं उत्तर: "म्हणजे आणू गाडी?"

२० एप्रिल

आणली. उलटी घेतली, मी मागे उभी. चाक काठापासून निदान फूटभर आत राहावं म्हणून पिवळ्या पट्ट्या मारून ठेवल्या होत्या. गाडी मुक्कामाला समपातळीत धरायचे जॅक मात्र थेट काँक्रीटवर टेकवू दिले नाहीत, तळहाताएवढ्या बुटावर टनभर ओझं येतं. खाली जाड लाकडी फळ्या.

चेंबरच्या झाकणावरून मागचं चाक गेलं. आवाज नाही.

२६ मे

यंदा मान्सून मुंबईत आजच जाहीर झाला, नेहमीच्या ११ जूनच्या सोळा दिवस आधी. सांध्यांत सीलंट भरायचं काम पुढच्या आठवड्यात ठरवलं होतं, ते बारगळलं. पाऊस थोडा थांबला तेव्हा छत्री घेऊन सगळ्या स्लॅबवर फिरले. पाणी साचतंय ते एकाच ठिकाणी, उजव्या कडेला बशीएवढं. बाकी सगळं नाल्यात. सांध्यांतून पाणी खाली जातंय, पण खाली पीसीसी आणि प्लास्टिक आहे. एक पावसाळा चालेल, दुसरा नको.

८ जून

पलीकडच्या घरातले काका बघायला आले. त्यांना एसयूव्हीसाठी अंगण काँक्रीटचं करायचंय. त्याच कॉन्ट्रॅक्टरने त्यांना चार इंच आणि १० एमएमची डबल जाळी सांगितली आहे. म्हटलं, अडीच टनांच्या गाडीला पाच इंच घ्या, जाळी हलकी आणि एकेरी, आणि आधी खड्डा घेऊन खाली काय आहे ते बघा. त्यांची जागा आमच्यापेक्षा खाडीच्या जवळ आहे. त्यांनी विचारलं, टँकरवाल्याचा नंबर आहे का. दिला.

सीलंट ऑक्टोबरमध्ये, सांधे पूर्ण वाळल्यावर.